तुमचा मेसेज मुक्कामाला कुठे असतो?

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू रात्री दहाला फोन घेऊन खाली आल्या. लेकीला टेलिग्रामवर पाठवलेल्या मेसेजपुढे एकच टिक दिसत होती. लेक रात्रीच्या बसने पुण्याहून निघालेली. व्हॉट्सॲपच्या सवयीने काकूंनी धरून चाललं होतं की तिचा फोन बंद आहे, आणि त्यांचा जीव टांगणीला लागला होता. मी म्हटलं, आधी तिला फोन लावा. पहिल्याच रिंगला लेकीने उचलला. फोन चालू होता, नेट चालू होतं, तिने फक्त टेलिग्राम उघडून पाहिलं नव्हतं.

यात काकूंचं काही चुकलं नव्हतं. दोन्ही ॲपवर टिक सारखीच दिसते, अर्थ मात्र वेगळा आहे. व्हॉट्सॲपवर एक राखाडी टिक म्हणजे मेसेज तुमच्या फोनमधून निघून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचला. दोन राखाडी टिका म्हणजे समोरच्याच्या फोनवर उतरला. त्या निळ्या झाल्या म्हणजे त्याने उघडून पाहिला. ही निळी टिक नोव्हेंबर २०१४मध्ये आली. सिग्नल या ॲपवरही याच तीन पायऱ्या आहेत, फक्त टिका गोलात असतात: एक गोल म्हणजे निघाला, दोन गोल म्हणजे पोचला, गोल भरीव झाले म्हणजे वाचला. टेलिग्रामवर मधली पायरीच नाही. एक टिक म्हणजे सर्व्हरवर पोचला, दोन टिका म्हणजे वाचला. लेकीचा फोन चालू असो वा बंद, ती ॲप उघडेपर्यंत काकूंना एकच टिक दिसणार होती.

मधली पायरी का नाही, याचं उत्तर नीट कळलं की या ॲपांमधला निम्मा फरक कळतो. टेलिग्रामवर मेसेजचं घर सर्व्हरवर असतं. तुमचा फोन, टॅब, ऑफिसातला कॉम्प्युटर या सगळ्या त्या घराच्या खिडक्या. ज्या खिडकीतून डोकावाल तिथून तोच मेसेज दिसतो, त्यामुळे 'कुठल्या फोनवर उतरला' या प्रश्नाला तिथे फारसा अर्थ उरत नाही. व्हॉट्सॲप आणि सिग्नलसाठी सर्व्हर हा वाटेतला थांबा आहे. मेसेज तिथे टेकतो, समोरच्याचा फोन नेटवर आला की त्याच्याकडे जातो आणि सर्व्हरवरून पुसला जातो. व्हॉट्सॲपवर समोरचा फोन बंदच राहिला तर मेसेज तीस दिवस थांब्यावर वाट पाहतो आणि मग पुसला जातो.

कुणी 'यातलं कुठलं ॲप चांगलं?' असं विचारलं की मी आधी हे दोन प्रश्न पुढे ठेवते: मेसेज मुक्कामाला कुठे असतो, आणि त्याच्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते? स्टिकर, रंग, इमोजी यांची तुलना त्यानंतर. बहुतेक सोयी आणि गैरसोयी या दोन उत्तरांतूनच निघतात.

आधी थोडं मागे जाऊ, एसएमएसकडे. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये व्होडाफोनच्या जाळ्यावरून गेला, त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. एसएमएसच्या एका मेसेजात १४० बाइटची जागा असते. रोमन अक्षरं त्यात १६० बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात, म्हणून बसतात फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'क्षेत्र' हा डोळ्यांना दोन अक्षरी शब्द सात जागा खातो. 'ज्ञानेश्वरी'ला अकरा लागतात. 'तुम्हाला आणि तुमच्या कुटुंबीयांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' एवढं लिहिलं की मधल्या मोकळ्या जागा धरून ६१ होतात, आणि खाली स्वतःचं नाव टाकायला उरतात नऊ. त्यापुढे गेलात की मेसेजचे दोन तुकडे होणार आणि दोनाचे पैसे लागणार. आपली एक आख्खी पिढी मराठी रोमन अक्षरांत लिहायला शिकली, त्यामागे की-पॅडइतकाच हा हिशेबही होता. इंटरनेटवरून चालणाऱ्या ॲपांनी ही मोजदाद संपवली. मराठीत मोकळेपणाने लिहिता येऊ लागलं, ही मला या ॲपांची सगळ्यात मोठी देणगी वाटते.

एसएमएसची एक गोष्ट मात्र या ॲपांनी घालवली. बीएसएनएलच्या फोनवरून जिओच्या फोनवर एसएमएस जातो. कंपनी कुठली हे कुणी विचारत नाही. व्हॉट्सॲपवरून सिग्नलवर मेसेज असा सहज जात नाही. प्रत्येक ॲपला आपापली भिंत आहे. म्हणून 'चांगलं' ॲप सापडूनही माणसं हलत नाहीत. आई, शाळा, दूधवाला, सोसायटी सगळे जिथे आहेत तिथेच राहावं लागतं. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१मध्ये दिलेला भारतातल्या व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांचा आकडा ५३ कोटी होता. युरोपीय संघाने डिजिटल मार्केट्स ॲक्ट या कायद्याने मोठ्या ॲपांना ही भिंत इतरांसाठी उघडायला लावली आहे. असा नियम आपल्याकडेही यायला हवा असं माझं ठाम मत आहे.

आता किल्लीकडे. एसएमएस हे पोस्टकार्ड आहे, वाटेत ज्याच्या हातात पडेल त्याला वाचता येतं. व्हॉट्सॲप आणि सिग्नल यांच्याबद्दल 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' असं म्हटलं जातं, त्याचं काम असं चालतं. तुम्ही ॲप सुरू केलंत की तुमचा फोन कुलपं आणि त्यांची किल्ली तयार करतो. उघडी कुलपं सर्व्हरवर ठेवली जातात, कुणीही न्यावीत. किल्ली तुमच्या फोनमधून कधीच बाहेर जात नाही. मला तुम्हाला मेसेज पाठवायचा असला की माझा फोन सर्व्हरवरून तुमचं उघडं कुलूप आणतो, मेसेज पेटीत घालतो आणि कुलूप दाबून लावतो. ते दाबून लावता येतं, पण तुमच्या किल्लीशिवाय उघडता येत नाही. लावल्यावर ते मलाही उघडत नाही, मधल्या सर्व्हरला तर नाहीच. प्रत्यक्षातलं गणित याहून बरंच गुंतागुंतीचं आहे. किल्ली दर मेसेजला बदलत जाते, म्हणजे एखादी चोरीला गेली तरी आधीचे मेसेज उघडत नाहीत.

ही पद्धत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी सिग्नलसाठी रचली. व्हॉट्सॲपने तीच उचलली आणि एप्रिल २०१६मध्ये सगळ्यांच्या सगळ्या संवादांना लावली. म्हणजे या दोघांच्या कुलपाची मूळ रचना एकच आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आणखी एक दुवा आहे. व्हॉट्सॲप २००९मध्ये जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी सुरू केलं आणि २०१४मध्ये फेसबुकने ते विकत घेतलं. पुढे ॲक्टन तिथून बाहेर पडले आणि २०१८मध्ये त्यांनी पाच कोटी डॉलर घालून सिग्नल फाउंडेशन उभं करायला मदत केली. सिग्नल आजही ना-नफा संस्था आहे, देणग्यांवर चालते.

कुलूप खरंच समोरच्याचंच आहे ना, हे तपासायचीही सोय आहे. व्हॉट्सॲपवर एखाद्याच्या नावावर टिचकी मारा, खाली 'एन्क्रिप्शन' दिसेल. तिथे साठ आकडे आणि एक क्यूआर कोड येतो. दोघं समोरासमोर बसून एकमेकांचा कोड स्कॅन केलात की खात्री पटते. सिग्नलवरही साठच आकडे असतात. समोरच्याने फोन बदलला की हे आकडे बदलतात, आणि 'सिक्युरिटी कोड बदलला आहे' अशी ओळ संवादात येऊ शकते. ती वाचून घाबरायचं कारण नाही. पण त्याच दिवशी तो माणूस पैसे मागू लागला तर आधी त्याला फोन करा.

टेलिग्रामबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. पावेल आणि निकोलाय दुरोव या रशियन भावांनी २०१३मध्ये ते सुरू केलं. 'सरकारलाही दाद न देणारं ॲप' अशी त्याची ख्याती आहे, म्हणून ते सगळ्यात गुप्त असेल असं लोक धरून चालतात. तसं नाही. टेलिग्रामवरचा साधा संवाद तुमच्या फोनपासून सर्व्हरपर्यंत कुलूपबंद जातो, पण सर्व्हरवरच्या कुलपाची किल्ली टेलिग्रामकडे असते. एंड-टू-एंड कुलूप हवं असेल तर 'सीक्रेट चॅट' वेगळा उघडावा लागतो. तो दोघांतच होतो, ज्या फोनवर उघडला त्याच फोनवर राहतो आणि गटासाठी मिळतच नाही. कॉल मात्र तिथेही एंड-टू-एंड असतात. ऑगस्ट २०२४मध्ये पावेल दुरोव यांना पॅरिसजवळच्या विमानतळावर अटक झाली. पुढच्याच महिन्यात टेलिग्रामने नियम बदलला: कायदेशीर मागणी आल्यास गुन्ह्यातल्या संशयिताचा फोन नंबर आणि आयपी पत्ता दिला जाईल.

किल्ली कंपनीकडे असण्याचे फायदेही खरे आहेत, ते नाकारू नयेत. टेलिग्रामवर नवा फोन घेतला, नंबर टाकला की दहा वर्षांपूर्वीचा मेसेजसुद्धा जसाच्या तसा समोर येतो. बॅकअप नावाची भानगडच नाही. गटात आज आलेल्याला, ॲडमिनने परवानगी दिली असेल तर, पहिल्या दिवसापासूनचं सगळं वाचता येतं. व्हॉट्सॲपच्या गटात जुने मेसेज नव्या माणसाला आपोआप दिसत नाहीत, आणि त्याचं कारणही किल्लीच: ते मेसेज पाठवले तेव्हा याचं कुलूप त्यांना लागलेलंच नव्हतं. पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकांमधून राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलांचं सगळं जग टेलिग्रामवर का, ते यावरून कळावं. दोन लाखांपर्यंत माणसांचा गट, सदस्यांची मर्यादा नसलेली चॅनेलं, दोन जीबीपर्यंतची फाइल, आणि तीन वर्षांपूर्वीची प्रश्नपत्रिका शोधून काढता येते. व्हॉट्सॲपचा गट १०२४ जणांवर थांबतो, सिग्नलचा हजारावर. सार्वजनिक कामाला टेलिग्रामच्या तोडीचं दुसरं ॲप माझ्या पाहण्यात नाही.

पेटीला कुलूप लागलं तरी पेटीवरचा पत्ता बाहेरच असतो. कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळा बोललं, कुठल्या ठिकाणाहून बोललं, हे मजकूर न वाचताही कळू शकतं, आणि त्यावरून माणसाबद्दल पुष्कळ काही ओळखता येतं. रात्री दोनला कर्करोगतज्ज्ञाला तीन मेसेज गेले, तर आत काय लिहिलंय ते वाचायची गरज उरत नाही. इथे सिग्नल आणि व्हॉट्सॲप यांच्या वाटा वेगळ्या होतात. २०१६मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या ग्रँड ज्युरीने सिग्नल चालवणाऱ्यांकडे दोन वापरकर्त्यांची माहिती मागितली. त्यांना देता आल्या दोनच गोष्टी: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही ते साठवतच नव्हते. व्हॉट्सॲपकडे याहून बरंच जास्त असतं, आणि ते मेटा, म्हणजे पूर्वीची फेसबुक, या जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीचं आहे. जानेवारी २०२१मध्ये त्यांनी नवं गोपनीयता धोरण मान्य करा नाहीतर ॲप सोडा अशा थाटात पुढे केलं, तेव्हा जगभर लोकांनी सिग्नल आणि टेलिग्राम उतरवून घेतलं. भारतीय स्पर्धा आयोगाने त्याच धोरणावरून नोव्हेंबर २०२४मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने त्यावर अपील केलं. वैयक्तिक मेसेजचं कुलूप त्या धोरणाने उघडलं नव्हतं, हेही इथे सांगायला हवं. वाद इतर माहितीचा आणि दुकान-कंपन्यांशी होणाऱ्या संवादांचा होता.

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात झोहो या भारतीय कंपनीचं अरट्टै एकदम चर्चेत आलं. तमिळमध्ये अरट्टै म्हणजे गप्पाटप्पा. ॲप २०२१पासूनचं. आपल्या मातीतलं ॲप उभं राहावं ही इच्छा माझीही आहे. पण त्या लाटेच्या वेळी त्यात कॉलना एंड-टू-एंड कुलूप होतं आणि साध्या मेसेजना नव्हतं, आणि लोकांनी पहिला प्रश्न नेमका तोच विचारला. तो योग्यच प्रश्न होता. किल्ली कुणाकडे हे देशी ॲपलाही विचारायचं आणि परदेशीलाही.

गटांबद्दल एक गोष्ट बायकांनी विशेष लक्षात घ्यावी. व्हॉट्सॲपच्या गटात शिरलात की तुमचा मोबाइल नंबर गटातल्या प्रत्येकाला दिसतो. क्लासचा गट, प्रदर्शनाचा गट, सहलीचा गट, ज्यात निम्मी माणसं अनोळखी, तिथे नंबर पोचला की तो परत घेता येत नाही. टेलिग्रामवर नंबर लपवून नुसत्या नावाने वावरता येतं. सिग्नलने ही सोय फेब्रुवारी २०२४मध्ये दिली. खातं उघडायला नंबर लागतो, इतरांना मात्र तो दिसत नाही. निळी टिक बंद करून निवांत बसणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की ते बटण व्हॉट्सॲपच्या गटांना लागू होत नाही. गटात तुम्ही वाचलंत हे पाठवणाऱ्याला 'मेसेज इन्फो'मध्ये दिसतंच.

आणि फॉरवर्ड. त्याबद्दल लिहिताना धुळ्याची आठवण टाळता येत नाही. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवरून गावोगाव पसरलेली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं, पोटासाठी भिक्षा मागत गावोगाव फिरणारी, त्या दिवशी तिथे होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारलं. त्या महिन्यात देशभर अशा घटनांवरून संताप उसळला आणि व्हॉट्सॲपला पावलं उचलावी लागली. पुढे पाठवलेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' असा शिक्का दिसू लागला. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन जुलै २०१८मध्येच आलं, जानेवारी २०१९मध्ये ते जगभर लागू झालं. एप्रिल २०२०मध्ये आणखी आवळलं: जो मेसेज पाचदा किंवा जास्त वेळा हातोहात फिरून आला आहे त्यावर दोन बाण दिसतात, आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

मजकूर कुलपात असताना कंपनीला ही मोजणी कशी जमते? मोजणी सर्व्हरवर होतच नाही. दर वेळी पुढे पाठवताना तुमचं ॲप मेसेजसोबत एक आकडा वाढवून पाठवतं, आणि तो आकडाही त्याच कुलूपबंद पेटीत असतो. पुढचं ॲप तो वाचून बाण दाखवतं. पाचचं बंधन जगभर लागू झाल्यावर फॉरवर्डचं प्रमाण एकूण २५ टक्क्यांनी घटलं असं कंपनीने सांगितलं आहे. माझ्या मते या सगळ्या ॲपांतल्या सोयींपैकी सर्वांत मोलाची ही अडचण आहे. दोन बाण दिसले की तो मजकूर पाठवणाऱ्याचा नाही, त्याच्याआधीच्याचाही नाही, हे डोळ्यांसमोर येतं आणि बोट थांबतं. टेलिग्रामवर असं बंधन नाही.

आता रोजच्या कामातली एक गोष्ट जवळून पाहू. सातबाऱ्याचा फोटो काढून तलाठ्याला किंवा वकिलाला पाठवला आणि उलट उत्तर आलं, 'अक्षरं वाचता येत नाहीत.' हे पुष्कळांना घडतं. बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४०३२ गुणिले ३०२४ ठिपक्यांचा, तीन-चार एमबीचा असतो. व्हॉट्सॲप तो जाताना दाबतं, लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते. माणसाच्या चेहऱ्याला एवढं पुरतं. गट क्रमांक आणि फेरफाराचे बारीक आकडे मात्र विरघळतात. उपाय सोपा आहे. फोटो निवडल्यावर वर 'एचडी' दिसतं ते दाबा. त्याहून चांगलं म्हणजे कागदाची पिन असलेल्या बटणातून 'डॉक्युमेंट' निवडा आणि तोच फोटो फाइल म्हणून पाठवा. तो एकही ठिपका न गमावता जातो. टेलिग्रामवरही 'फाइल' म्हणून पाठवायचा पर्याय आहे. एक सावधगिरी: फोटो म्हणून पाठवताना त्यात दडलेली जागेची नोंद, म्हणजे तो कुठे काढला ते, काढून टाकली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर ती नोंद तशीच जाते. शेताच्या कागदाला चालेल. घरी काढलेला लेकराचा फोटो अनोळखी माणसाला असा पाठवू नये.

चुकलेलं सुधारायची मुदत प्रत्येकाची वेगळी. व्हॉट्सॲपवर मजकूर पंधरा मिनिटांत बदलता येतो आणि दोन दिवसांहून थोड्या जास्त वेळात सगळ्यांकडून पुसता येतो. सिग्नल दोन्हीला एक दिवस देतं. टेलिग्रामवर बदलायला दोन दिवस, आणि दोघांच्या संवादात पुसायला मुदतच नाही. तिथे समोरचा तुमचे मेसेजही तुमच्या फोनवरून पुसू शकतो. पैशाच्या देवाणघेवाणीचं बोलणं तिथे ठेवू नका, पुरावा एका बोटाने जातो. ठरावीक काळाने आपोआप पुसले जाणारे मेसेज तिघांतही आहेत, पण समोरच्याने स्क्रीनचा फोटो काढला तर कुठलंच ॲप काही करू शकत नाही.

बॅकअपवर मात्र थोडं थांबायला हवं. माझ्या मावशीकडे काकांचे आवाजातले मेसेज होते. 'येताना कोथिंबीर आण', 'पोचलीस का', असे आठ-दहा सेकंदांचे. काका गेले. वर्षभराने मावशीचा फोन बंद पडला, दुरुस्तीला दिला आणि पूर्ण पुसला जाऊन परत आला. बॅकअप कधी चालूच केलेला नव्हता. ज्या ॲपवर मेसेजचं घर तुमचा फोन आहे, तिथे फोन गेला की घर गेलं. मजबूत कुलपाची ही किंमत आहे आणि ती आधीच माहीत असायला हवी. कंपनीकडे प्रत नसते, म्हणून कंपनीकडे मागूनही मिळत नाही.

व्हॉट्सॲपचा बॅकअप अँड्रॉइडवर गूगलच्या खात्यात जातो आणि त्याच्या मोफत १५ जीबीत मोजला जातो. जागा भरली की बॅकअप गपचूप थांबतो, तेव्हा शेवटची तारीख अधूनमधून पाहावी. या बॅकअपला एंड-टू-एंड कुलूप आपोआप नसतं. ऑक्टोबर २०२१पासून तशी सोय आहे, पण ती आपणच चालू करायची असते. केली नाही तर संवादाला भक्कम कुलूप आणि मागच्या दाराला नुसती कडी, अशी अवस्था राहते. चालू केल्यावर जो पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली ठेवाल, ती कागदावर लिहून कपाटात ठेवा. ती हरवली तर बॅकअप कुणालाच उघडता येणार नाही.

उरला प्रश्न निवडीचा. मी घरच्यांशी, सोसायटीशी, शाळेशी व्हॉट्सॲपवर बोलते; माणसं तिथे आहेत आणि कुलूप चांगलं आहे. तब्येतीचे रिपोर्ट, घरातली नाजूक बोलणी, बातमीसाठी कुणी विश्वासाने सांगितलेलं, यासाठी सिग्नल. टेलिग्राम वाचण्यासाठी: चॅनेलं, मोठे गट, जड फाइली. मनातलं काही मी तिथे लिहीत नाही.

ॲप कुठलंही असो, आजकालची बहुतेक चोरी कुलूप फोडून होत नाही, किल्ली मागून घेऊन होते. 'चुकून तुमच्याकडे सहा आकडी कोड गेलाय, जरा सांगता का?' असा ओळखीच्या नावाने मेसेज येतो. तो कोड तुमच्याच खात्याचा असतो. किंवा लग्नपत्रिका म्हणून, वाहनाच्या दंडाची पावती म्हणून 'एपीके' अशी अखेर असलेली फाइल येते. पत्रिका कधीही एपीके नसते; ते ॲप असतं आणि ते फोनचा ताबा घेतं. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा, जितका लवकर तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आज रात्री एक काम करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट'मध्ये जा, 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून सहा आकडी पिन ठेवा. मग 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून ओळखीचं नसलेलं यंत्र दिसलं तर काढून टाका. मग 'चॅट्स'मध्ये बॅकअपची शेवटची तारीख पाहा. पाच मिनिटं लागतात. आणि आई-वडिलांच्या फोनवर हेच त्यांच्या शेजारी बसून, त्यांना दाखवत, तुमच्या हाताने करून द्या.